रंगाखालचा गंज: नाशिकच्या अंबडमधल्या शेडमधल्या नोंदी

३ जून

सकाळी मोहाडीहून मामांचा फोन. "अँगलला देवी आल्यात रे. वेळ मिळाला तर बघून जा."

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलच्या खरड छाटणीआधी, त्यांच्या द्राक्षमांडवाचे दीडशे वाय अँगल (वेल पेलणारे Y आकाराचे लोखंडी खांब) मीच बनवून, रंगवून दिले होते. एक हात रेड ऑक्साइड, वर दोन हात हिरवा एनॅमल. दुपारी बागेत गेलो. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत पोपडे, वेल्डच्या दोन्ही बाजूंना गंजाचे ओघळ, कडांवर तांबडी रेघ. इथपर्यंत समजण्यासारखं होतं. पण अँगलच्या सपाट पानावर, अगदी मधोमध, जिथे ना ओरखडा ना वेल्ड, तिथेही मसुराच्या दाण्याएवढे फोड होते. वरचा रंग सलग आणि चकचकीत. नखाने दाबला की फोड आत जायचा आणि परत वर यायचा.

आमच्या धंद्यात गंज म्हटला की "रंग उडाला म्हणून गंजलं" एवढंच बोलतात. इथे रंग उडालेला नाही आणि तरी खाली गंज आहे. बांधाकडच्या ओळीत वेल मेलेले होते, तिथले चार अँगल उपटून टेम्पोत टाकले.

या कामाचे पैसे मी घेतले होते. मामांनी एका शब्दाने बोल लावला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. हा गंज सुरू कुठून होतो ते या पावसाळ्यात शोधायचं आणि रोजचं लिहून ठेवायचं, असं ठरवलं.

४ जून

फोड उघडले. आधी अँगल बाहेरून डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, पुसून, सुकवून घेतला. मग इन्सुलिनच्या सुईने एकेक फोड टोचला. आतून पिवळसर, पातळ पाणी आलं. अकरा फोडांचं मिळून काही थेंब भरलं. ते २० मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडलं आणि मामांच्या ड्रिपचा ईसी मीटर (पाण्याची वीजवाहकता, म्हणजे त्यातले क्षार मोजणारा) त्यात बुडवला. आधी ४ दाखवत होता, आता ९०. इतक्या थोड्या थेंबांनी एवढा फरक, म्हणजे फोडातल्या पाण्यात बरेच क्षार आहेत.

ब्लेडने एका फोडाची टोपी उचलली. खालचं लोखंड तांबडं नव्हतंच. काळपट आणि कडेला हिरवट, ओलसर. बघता बघता पाच-सात मिनिटांत ते माझ्या डोळ्यांसमोर नारिंगी झालं. फोडात हवा पुरेशी पोचत नव्हती म्हणून गंज अर्धवट अवस्थेत थांबला होता. हवा लागताच पुढचा टप्पा झाला. आपण ज्या तांबड्या रंगाला गंज म्हणून ओळखतो तो दिसेपर्यंत आतलं काम किती पुढे गेलेलं असतं, हे पहिल्यांदाच पाहिलं.

७ जून

शहरातल्या रसायनांच्या दुकानातून पोटॅशियम फेरिसायनाइड (विरघळलेलं लोखंड निळं दाखवतं) आणि फिनॉल्फ्थॅलिन (अल्कली गुलाबी दाखवतं) आणलं. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी गाजवलेला थेंबाचा प्रयोग करून पाहायचा होता. साध्या पत्र्याचा तुकडा पॉलिश पेपरने घासला, थिनरने पुसला. तीन टक्के मिठाच्या पाण्यात चिमूटभर फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब घातले. त्याचा रुपयाएवढा थेंब पत्र्यावर सोडला.

सुरुवातीला घासल्याच्या रेघांवरून निळे आणि गुलाबी ठिपके मिसळून उठले. थोड्या वेळाने थेंबाने स्वतःची मांडणी बदलली. मध्ये निळं, काठाला गुलाबी कडं आणि दोघांच्या मधोमध गंजाची तपकिरी वर्तुळाकार रेघ.

निळं जिथे आहे तिथे लोखंड विरघळतंय. गुलाबी जिथे आहे तिथे हवेतला ऑक्सिजन आणि पाणी इलेक्ट्रॉन घेऊन अल्कली तयार करतायत. थेंबाच्या काठाला हवा सहज मिळते, मध्ये पोचायला वेळ लागतो. हवा कमी मिळालेली जागा झिजते. गंज मात्र दोन्ही बाजूंचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, जिथे भेटतात तिथे जमतो. म्हणजे गंज दिसतो ती जागा आणि लोखंड खाल्लं जातं ती जागा वेगळी असू शकते. जमिनीलगत अँगल का सडतात त्याचं उत्तरही यातच आहे. ओल्या मातीत गाडलेल्या भागाला हवा कमी, वरच्या भागाला भरपूर.

पेंटरकाकांना बोलावून थेंब दाखवला. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. "म्हणजे हा सेलच झाला की," म्हणाले. अगदी बरोबर. एकाच पत्र्यावर दोन टोकं, मधे वायर लोखंडाची आणि पाणी खारं.

९ जून

आज फक्त वाचन. एक समज मोडला आणि तो मोडणं माझ्यासाठी मोठं होतं. मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो की रंग पाणी आत जाऊ देत नाही. तो जाऊ देतो. १९५०च्या सुमारास जे. ई. ओ. मेन यांनी दाखवलं, की उघड्या लोखंडाला गंजायला जेवढं पाणी आणि ऑक्सिजन लागतो, त्याहून जास्त नेहमीच्या रंगाच्या थरातून आरपार जाऊ शकतो. मग रंगवलेलं लोखंड टिकतं कसं? रंग अडवतो ते मुख्यतः क्षारांचे आयन. थराची विद्युत रोधकता मोठी असली की वरच्या सेलची दोन टोकं जोडली जात नाहीत. दुसरं, रंग लोखंडाला घट्ट धरून असेल तर आत आलेल्या पाण्याला साचायला जागाच मिळत नाही. पाण्याचे रेणू आले तरी थेंब बनत नाही.

मग प्रश्न एवढाच उरतो, की पकड पहिल्यांदा कुठे सुटते आणि क्षार खाली आलेच कुठून.

१२ जून

एकाच ३ मिमी हॉट रोल्ड पत्र्यातून १०० बाय १५० मिमीच्या प्लेटा कापल्या. 'क' ग्राइंडरने पूर्ण उघडी करून, धुऊन, थिनरने पुसून. 'ख' तशीच, पण सुकल्यावर पेंटरकाकांनी घामेजलेला तळहात तिच्यावर दाबून ठेवला, मग पुसायचं नाही. 'ग' वर पत्रा तापवून लाटताना बसणारी काळी पापडी, म्हणजे मिल स्केल, तशीच ठेवली. आमचे नेहमीचे अँगल असेच रंगतात. 'घ' वर खताच्या शेडमधल्या पांढऱ्या पोटॅशचं पातळ पाणी शिंपडून सुकवलं. 'च' वर वेल्डचा एक मणी ओढला आणि स्पॅटर, म्हणजे वेल्ड करताना उडून चिकटलेले दाणे, काढला नाही.

'छ' आणि 'ज' या दोन 'क' सारख्याच स्वच्छ, पण त्यांच्यावर रंगाऐवजी पारदर्शक लॅकर मारायचं. रंगाखाली काय चालतं ते डोळ्यांनी बघायचं तर वरचा थर काचेसारखा हवा, ही कल्पना माझ्या मुलीची.

१३ जून

रंगकाम. सकाळी सातला पत्रा २४ अंश, हवेतली आर्द्रता ९२ टक्के. दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊन बसतं तो, २२.६ येतो. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा, नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल पत्र्यावर बसलेली असते. थांबलो. अकराला पत्रा २९, आर्द्रता ७०, दवबिंदू २३. आता ठीक. लॅकरच्या दोन सोडून सगळ्या प्लेटांना मामांच्या अँगलला होता तोच रंग, तितकेच हात.

दोन वर्षांपूर्वी मी दवबिंदू बघितला नव्हता. मजूर लवकर मोकळे व्हावेत म्हणून सकाळी साडेसहाला गन सुरू करायचो.

२० जून

रंग आठवडाभर वाळू दिला. आज प्रत्येक प्रकारची एक प्लेट पागोळीचं पाणी भरलेल्या बादलीत अर्धी बुडवली आणि तशीच दुसरी मिठाच्या पाण्याच्या बादलीत. काकांनी पैज लावली की खाऱ्या बादलीतल्या आधी जाणार. मलाही तसंच वाटत होतं.

२७ जून

पैज हरली. पावसाच्या गोड्या पाण्यातल्या 'ख' आणि 'घ' वर फोड आले, खाऱ्या बादलीतल्या अजून जवळपास कोऱ्या.

घरी आत्ता लोणच्याचे दिवस आहेत. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्या पाणी सोडतात. पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं. इथेही तसंच. रंगाखाली क्षाराचा कण अडकलेला आहे, बाहेर जवळजवळ शुद्ध पाऊस आहे आणि मधला रंगाचा थर पाण्याला वाट देतो, क्षाराला देत नाही. पाणी आत ओढलं जातं, खाली दाट खारा थेंब तयार होतो, त्याच्या दाबाने रंग उचलला जातो. बाहेरचं पाणीच खारट असेल तर ओढ कमी. म्हणून गोड्या पाण्यात फोड लवकर. मोहाडीच्या बागेला समुद्र नाही, पण चार महिने पागोळ्यांचं पाणी आहे.

२९ जून

'ख' प्लेट बाहेर काढली, तिरक्या उजेडात धरली आणि काकांना हाक मारली. फोडांची मांडणी पंजासारखी आहे. चार बोटांची टोकं, अंगठ्याचा उंचवटा, तळव्याचा मांसल भाग. मधल्या खोलगट भागात, जिथे तळवा टेकला नव्हता, तिथे एकही फोड नाही. रंगाच्या थरांखालून काकांचा हात वर आला होता, लग्नघराच्या भिंतीवर हळदीकुंकवाचे पंजे उमटवतात तसा.

काका गप्प झाले. मग म्हणाले, "मी आयुष्यभर रंगायच्या आधी हात फिरवून बघत आलो. गुळगुळीत झालंय का म्हणून."

त्यांना म्हटलं, काका, मीही. घामात मीठ असतं, आणि आपण ते लोखंडाला लावून वरून झाकण घालत होतो. भिंग घेऊन अँगलच्या पानावरच्या त्या मधल्या फोडांकडे पुन्हा पाहिलं. चार-चार, पाच-पाच जवळजवळ. उचलताना धरल्याच्या जागा असाव्यात.

आजपासून शेडमध्ये उघड्या लोखंडाला हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही.

८ जुलै

बागेत गेलो होतो. मामा बोर्डो, म्हणजे बुरशीसाठी फवारायचं मिश्रण, करत होते. १०० लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मिश्रण तयार झाल्यावर त्यांनी नेहमीसारखा विळा बुडवून वर काढला आणि उन्हात धरला. पात्यावर तांबूस झाक आली. "चुना कमी पडलाय," म्हणत अजून घातला. दुसऱ्यांदा विळा कोराच निघाला.

ही परीक्षा आमच्या लहानपणापासून बघतोय आणि आज तिचा अर्थ लागला. मोरचूदातलं तांबं मोकळं असेल तर लोखंड पाण्यात उतरतं आणि तांबं त्याच्या जागी बसतं. चुन्याने तांबं बांधलं गेलं की ते होत नाही. पण फवारा पानांवर बसतो, तसा अँगलवरही बसतो. नंतरचे पाऊस त्यातलं थोडं थोडं तांबं विरघळवून खाली आणतात. जिथे रंग फुटलाय त्या चिरेत ते लोखंडावर तांब्याचा ठिपका बनून बसलं, की तांबं आणि लोखंड यांचा पक्का सेल तयार. लोखंड झिजणार, तांबं नाही. मांडवाचा गंज गेटच्या गंजापेक्षा लवकर का पसरतो याचं एक कारण हे. मामांना सांगितलं. ते म्हणाले, "फवारणी तर थांबवता येत नाही." बरोबरच आहे. थांबवायची गरजही नाही. अँगल तसा बनवायला हवा.

२४ जुलै

कडा बघितल्या. रंगाची जाडी मोजणारा मायक्रॉन मीटर सपाट पानावर ७० ते ८० दाखवतो, पण कडेवर तो खरं बोलत नाही. म्हणून अँगल आडवा कापला, काप घासून गुळगुळीत केला आणि मोबाइलला जोडायच्या मायक्रोस्कोपखाली धरला. पानावर रंगाचा जाडसर पट्टा. कडेकडे येता येता तो निमुळता होत जातो आणि धारेवर नुसती एक रेघ उरते. ओला रंग पृष्ठताणामुळे धारेवरून मागे सरतो. म्हणजे दोन हात मारले तरी धारेवर अर्धाही बसत नाही. धार घासून साधारण २ मिमी गोल केली तर रंग टिकतो, आणि कडेला आधी ब्रशने वेगळा हात मारायचा.

'ग' म्हणजे काळ्या पापडीची प्लेट. ही आजवर सगळ्यांत चांगली दिसत होती. आज वाकवून बघितली. पापडी रंगासकट तडकली. पापडी स्वतः गंजत नाही, लोखंडाला तिची झळ लागते. ती वीज वाहते आणि लोखंडापेक्षा 'उच्च' आहे, म्हणजे तांब्यासारखी स्वतः न झिजता लोखंडाला झिजवते. तिला एक चीर पडली की मोठी पापडी एकीकडे आणि चिरेतलं एवढंसं लोखंड दुसरीकडे, सगळा मारा त्या चिरेवर. अँगल वेल्ड होताना तापतो, थंड होतो, पापडी तडकते. वेल्डच्या दोन्ही बाजूंचे ओघळ तिथलेच. 'च' प्लेटवरही स्पॅटरच्या प्रत्येक दाण्याभोवती गंजाचं छोटं कडं आहे.

५ ऑगस्ट

लॅकरची 'छ' प्लेट. तिच्यावर सुईने एक ओरखडा काढला, त्यात मिठाच्या पाण्याचा बोळा फिरवला, पुसून घेतला. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात खाली पोटॅश आणि पाण्याचा दाट चिखल, वर जाळीवर प्लेट. पोटॅशचं संपृक्त द्रावण बंद डब्यात हवेची आर्द्रता ८४ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतं, त्याला ना वीज लागते ना यंत्र. डब्यातला छोटा आर्द्रतामापक ८३ दाखवतोय.

११ ऑगस्ट

काही नाही. झाकण उघडायचं नाही असं मुलीने बजावलंय.

२१ ऑगस्ट

धागे निघालेत. ओरखड्यापासून काटकोनात बाहेर पडलेले, केसाहून थोडे जाड, काही ४ मिमीपर्यंत लांब. लॅकर फाटलेलं नाही, फुगलेलंही जेमतेम. भिंगाखाली प्रत्येक धाग्याला डोकं आणि शेपूट आहे. डोकं निळसर हिरवं, ओलं. शेपूट सुकं, तांबडं.

डोक्यात लोखंड विरघळतं आणि तिथलं पाणी आम्लधर्मी होतं. ऑक्सिजन शेपटीच्या सच्छिद्र गंजातून मागून आत येतो. डोक्याच्या पुढच्या टोकाला हवा कमी, मागच्या बाजूला जास्त, त्यामुळे डोकं पुढेच सरकत राहतं आणि मागे वाळलेला गंज सोडत जातं. इव्हान्सचा थेंबच, पण चालणारा.

दोन धागे एकमेकांकडे सरकत होते. आज बघतो तर एक धागा दुसऱ्याच्या शेपटीपाशी येऊन वळलाय. ओलांडत नाहीत. मुलीने जाडसर कागदावर रोजची जागा पेन्सिलीने उतरवायला घेतली आहे, तारखेसकट. तिची वही माझ्यापेक्षा नीट आहे.

'ज' वर ओरखडा काढून तिला पोटॅशशिवाय, नुसत्या कोरड्या डब्यात ठेवलं होतं. तिच्यावर एकही धागा नाही. मीठ दोघींना सारखंच लावलं होतं.

१ सप्टेंबर

'क' प्लेट, सगळ्यांत स्वच्छ. तिच्यावर मुद्दाम लोखंडापर्यंत चीर पाडून ती खाऱ्या बादलीत ठेवली होती. चिरेत तांबडा गंज. चिरेच्या बाजूला रंग साबूत दिसतो. चाकूचं टोक घालून उचकला तर चिरेपासून ६ मिमीपर्यंत रंग सालीसारखा निघाला, आणि खालचं लोखंड चकचकीत, गंजाचा मागमूस नाही. उचकलेल्या सालीखाली पीएच पट्टी दाबली. गर्द निळी, १२च्या आसपास.

हे मी कधी लक्षातच घेतलं नसतं. चिरेतलं लोखंड झिजतं, आणि त्याचे इलेक्ट्रॉन शेजारी, रंगाच्या काठाखाली जातात. तिथे थेंबाच्या गुलाबी कड्यासारखी अल्कली तयार होते. एनॅमलचा राळेचा भाग तेलापासून बनलेला असतो. तेलाला कॉस्टिक लागलं की साबण होतो, हे घरी साबण केलेल्या कुणालाही माहीत. रंगाचा खालचा चेहराच साबण होऊन सुटतो. सालीच्या पाठीवर बोट फिरवलं तर खरोखर बुळबुळीत लागलं. म्हणजे रंग आधी सुटतो, गंज मागून त्या मोकळ्या जागेत शिरतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट, त्यामुळे तो उरलेला रंग ढकलून देतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गंजाने रंग उचलला.

११ सप्टेंबर

मामांच्या बांधावर मारुती आहे. दर्शनाला थांबलो. तेलात कालवलेला शेंदूर, थरावर थर. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. पूल आणि जहाजं याच शेंदराच्या प्रायमरने कित्येक पिढ्या रंगवली गेली. जवसाच्या तेलाशी त्याचे शिशाचे साबण बनतात, आणि त्यांतून सुटणारे पदार्थ लोखंडाच्या पृष्ठभागाला शांत ठेवतात. मेन यांनी त्याचाही अभ्यास केला होता. शिसं विषारी आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत ते ९० पीपीएमच्या वर नको, असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आहे, आणि तो हवाच.

पण रंग तसाच दिसतो म्हणून आम्ही शेंदराच्या जागी रेड ऑक्साइड धरलं. साधं रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचं ऑक्साइड, गंजाचाच भाऊबंद. ते भरणी करतं, झाकतं. लोखंडाला शांत करण्याचा गुण त्यात नाही. काका त्याला अजून 'शेंदरी प्रायमर' म्हणतात, आणि मीही त्या नावावर विसंबलो. झिंक फॉस्फेटचं इपॉक्सी प्रायमर मागवलंय.

१९ सप्टेंबर

गोडी छाटणीआधी बांधाकडच्या ओळीतले चाळीस अँगल निघतात, तेवढे आत्ता. बाकीचे वेलांनी धरलेत, ते मार्चनंतर, माल निघाल्यावर. पैसे घेणार नाही, हे मामांना सांगितलं. ते ऐकायला तयार नव्हते. रंगाचा खर्च त्यांचा, काम माझं, इथे जुळलं.

मामांनी गॅल्व्हनायझिंगचं विचारलं. नवीन अँगलला ते जरूर करावं. हे जुने, झिजलेले आहेत, म्हणून यांना रंगच.

२३ सप्टेंबर

ब्लास्टिंगच्या (कणांच्या जोरदार माऱ्याने लोखंड खरवडून साफ करण्याच्या) आधी धुलाई. क्षार असताना ब्लास्ट केलं तर ते खड्ड्यांत अजून खोल बसतात. धुतलेल्या अँगलवर १० बाय १० सेंमीची चौकट आखायची, कापूस ५० मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून तिथे पुसायचं, पिळायचं, मग ईसी मीटर. पहिल्या धुलाईनंतर ६२. दुसरीनंतर ३१. जमिनीकडच्या टोकाला मात्र ५५वरच अडलं; खड्ड्यांतला गंज क्षार धरून बसतो. ते टोक आधी ब्लास्ट करून पुन्हा धुवायचं.

२७ सप्टेंबर

ब्लास्टिंग सातपूरहून करून आलं. लोखंड राखाडी, पापडी कुठेच नाही. तरी जमिनीकडची टोकं परत धुतली. मामा स्वतः आले होते, हातमोजे घालून पाइप धरून उभे राहिले. शेवटचं वाचन १२. कडा सगळ्या गोल केल्यात, वेल्डचा स्पॅटर छिन्नीने काढलाय.

काकांनी सकाळी आठलाच गन जोडली होती. आर्द्रता ८८. मी काही बोलायच्या आत त्यांनी पत्र्याचं तापमान बघितलं, हिशेब केला आणि गन खाली ठेवली. साडेदहाला हातमोजे चढवून कडांचा पहिला हात ब्रशने सुरू केला. दुपारी दोनपर्यंत चाळीसही अँगलना प्रायमर.